रक्ताचा दुर्मीळ आजार: योग्य डॉक्टर शोधायचे कसे

‘हिमॅटॉलॉजिस्ट’ म्हणजे रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ. पण ही पाटी दोन अगदी वेगळ्या कामांच्या डॉक्टरांच्या दारावर दिसू शकते. एक डॉक्टर रुग्ण तपासतात, औषधं ठरवतात, गरज पडली तर दाखल करून घेतात. त्यांचं शिक्षण एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन किंवा एमडी पीडियाट्रिक्स आणि त्यानंतर तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी क्लिनिकल हिमॅटॉलॉजी. दुसरे डॉक्टर एमडी पॅथॉलॉजी करून रक्ताच्या तपासण्यांकडे वळलेले असतात. ते मायक्रोस्कोपखाली काच वाचतात आणि रिपोर्टवर सही करतात, पण बहुधा ओपीडी चालवत नाहीत. दोघांचीही गरज लागते. फक्त ॲनिमियाच्या गोळ्या घेऊन थकलेला माणूस या दुसऱ्या डॉक्टरांच्या दारात तासभर बसून परत येतो, तेव्हा त्याचा दिवस वाया जातो.

आणखी दोन शाखा याच गल्लीत आहेत. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट रक्ताचा कॅन्सर उत्तम हाताळतात, पण रक्तस्रावाच्या जन्मजात आजारांचे रुग्ण त्यांच्याकडे फारसे येत नाहीत. ब्लड बँकेतले ट्रान्सफ्यूजन मेडिसिनचे डॉक्टर रक्तगट, अँटीबॉडी आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते बघणं) यातले जाणकार असतात. मुलांसाठी पीडियाट्रिक हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी ही वेगळी शाखा आहे. डॉक्टरांची पदवी नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोंदवहीत किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे, ते करावं.

पण पदवी जुळली म्हणजे शोध संपला असं नाही. दुर्मीळ रक्ताच्या आजाराचं निदान बरंचसं प्रयोगशाळेत होतं, आणि त्यातल्या अनेक तपासण्या नेहमीच्या लॅबच्या यादीत नसतात. म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांच्या नावाचा नाही. माझ्या लक्षणांचा निकाल लावणारी तपासणी कोणती आणि ती कुठे नीट होते, हे आधी विचारावं. त्या लॅबशी ज्यांचा रोजचा संबंध आहे ते डॉक्टर गाठावेत. हा क्रम उलटा केला की फाइल जाड होत जाते आणि आजाराला नाव मिळत नाही.

जेव्हा शोधाशोध करायची नाही

काही प्रसंगी तज्ज्ञ शोधत बसणं धोक्याचं असतं. टीटीपी नावाच्या आजारात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. प्लेटलेट झपाट्याने 20-30 हजारांच्या खाली जातात, हिमोग्लोबिन घसरतं, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढतं, काचेवर फुटलेल्या लाल पेशी दिसतात, आणि बोलण्यात गोंधळ किंवा झटका येऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. इथे लागतो तो प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा घालणं, आणि तो ज्या रुग्णालयात आज रात्री होऊ शकतो ते रुग्णालय योग्य. टीटीपीची खात्री करणाऱ्या ॲडॅमटीएस-13 या तपासणीचं रक्त एक्स्चेंजच्या आधी काढून ठेवावं, कारण दात्याचा प्लाझ्मा आत गेला की आकडा बिघडतो. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, उपचारांनी तोवर थांबायचं नसतं. प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून लगेच प्लेटलेट चढवण्याची नेहमीची सवयही इथे आवरावी लागते.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली आणि ताप, हा दुसरा प्रसंग. पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, मग ते तालुक्याच्या रुग्णालयात का असेना. हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मतः रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, मुलाच्या डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर (रक्त गोठवणारा, त्याच्यात कमी असलेला घटक), नंतर सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत उभं राहण्यात गेलेला वेळ मेंदूतल्या रक्तस्रावाला मिळतो.

साधं कारण आधी बाद करा

तिन्ही प्रकारच्या पेशी कमी दिसल्या की घरात ‘बोन मॅरो फेल’ हा शब्द फिरू लागतो. मॅरो म्हणजे हाडातला, रक्तपेशी बनवणारा मगज. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी माणसांत, त्याचं अगदी साधं कारण बी-12 ची कमतरता हे असू शकतं. ती तीव्र असेल तर एलडीएच हजारोंत जातं आणि काचेवर तुटक्या पेशीही दिसतात, म्हणजे चित्र थेट टीटीपीसारखं होतं. फरक सांगणारा आकडा रेटिक्युलोसाइटचा. हे नव्याने तयार झालेल्या लाल पेशींचं प्रमाण. पेशी नुसत्या फुटत असतील तर मॅरो जोर लावतो आणि हा आकडा वाढतो. बी-12 कमी असेल तर तो वाढत नाही. तरीही ही तपासणी सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते, वेगळी सांगून घ्यावी लागते. इंजेक्शन मात्र रक्त काढल्यावरच द्यावं. बी-12 मिळाल्यावर मॅरोचं रूप एक-दोन दिवसांत पालटू लागतं आणि नंतर कुणालाच मूळ चित्र वाचता येत नाही.

प्लेटलेट 30 हजार, पण अंगावर एकही डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही? तर दुसरी नळी मागा. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, आणि काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गठ्ठ्याला एक पेशी धरतं. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत मोजून आलेला आकडा 1.1 ने गुणला की खरी संख्या कळते, आणि काचेवर गठ्ठे डोळ्यांनी दिसतात. एवढ्या तपासणीवाचून स्टेरॉइड खाल्लेली माणसं आहेत.

आजार कोणत्या फांदीचा?

रक्ताचे दुर्मीळ आजार ढोबळमानाने चार फांद्यांत पडतात: रक्त थांबत नाही, रक्त नको तिथे गोठतं, लाल पेशी लवकर फुटतात, किंवा मॅरो पेशी बनवतच नाही. फांदी ठरली की तपासणी ठरते.

पहिल्या फांदीवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. रक्तस्राव म्हटला की पीटी आणि एपीटीटी या, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या, दोन तपासण्या केल्या जातात, आणि दोन्ही नॉर्मल आल्या की ‘रक्तात दोष नाही’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. पण फॅक्टर 13 ची कमतरता या दोन्हींत दिसतच नाही. हा फॅक्टर रक्ताची गाठ (गुठळी) तयार झाल्यावर तिला घट्ट करतो, आणि पीटी-एपीटीटी गाठ तयार होईपर्यंतचाच वेळ मोजतात. साधारण 20 लाखांत एकाला होणारा हा आजार आई-वडील नात्यातले असतील तर अधिक दिसतो. बाळाची नाळ पडताना बरेच दिवस रक्त झिरपणं ही त्याची ओळखीची खूण. पुढे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका या आजारात मोठा, सुमारे तीनातल्या एका रुग्णाला. चाचणी मात्र स्वस्त: रक्ताची गाठ युरियाच्या द्रावणात ठेवायची, ती विरघळली तर दोष आहे. पातळी अगदीच तळाला असेल तरच ही चाचणी पकडते, म्हणून शंका राहिली तर फॅक्टर 13 चं प्रत्यक्ष मोजमाप मागावं. निदान झालं की उपचार तुलनेने सुटसुटीत असतो; हा फॅक्टर शरीरात बरेच दिवस टिकत असल्यामुळे साधारण चार आठवड्यांतून एकदा दिला तरी भागतं. नाव लवकर कळण्याला म्हणूनच इतकं मोल आहे.

ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियामध्ये प्लेटलेटची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. इथे ॲग्रिगोमेट्री (प्लेटलेट किती चिकटतात ते मोजणं) लागते आणि खात्रीसाठी फ्लो सायटोमेट्री (पेशींवरची प्रथिनं तपासणं). ॲग्रिगोमेट्रीचं रक्त ताजं हवं, साधारण चार तासांच्या आत तपासलेलं आणि फ्रिजमध्ये न ठेवलेलं. म्हणजे सांगलीत नमुना काढून मुंबईला कुरिअर करून चालत नाही, माणसालाच जावं लागतं. जाण्याआधी सात ते दहा दिवस ॲस्पिरिन बंद असावं, अर्थात ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. सर्दी-अंगदुखीच्या गोळ्यांतले घटकही वाचून बघावेत.

व्हॉन विलेब्रांड आजारात, म्हणजे रक्त थांबवणारा याच नावाचा घटक कमी किंवा सदोष असतो तेव्हा, वेगळी गंमत आहे. त्या घटकाची पातळी ताप, ताण, गरोदरपण आणि नुकताच झालेला व्यायाम यांनी वाढते, म्हणून सौम्य रुग्णाचा रिपोर्ट एखाद्या दिवशी नॉर्मल येतो. रडणाऱ्या, धरून ठेवलेल्या मुलाचा नमुना तर हमखास फसवतो. एक रिपोर्ट नॉर्मल आला तरी जिची पाळी वर्षानुवर्षं आठ-आठ दिवस चालते आणि दात काढल्यावर जिला पुन्हा दवाखान्यात धावावं लागलं, तिने तपासणी पुन्हा करून घ्यावी.

एपीटीटी लांबलेलं असेल तर मिक्सिंग टेस्ट होते. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात. वेळ सुधारला तर कुठला तरी फॅक्टर कमी आहे. सुधारला नाही तर रक्तात त्याच्याविरुद्धचा पदार्थ आहे. वयस्क माणसाला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला अचानक मोठाले काळे-निळे डाग आले, घरात कुणाला असं कधीच नव्हतं, तर तो नंतर झालेला हिमोफिलिया असू शकतो. त्यातला विरोधी पदार्थ हळू काम करतो, म्हणून मिश्रण 37 अंशांवर एक-दोन तास ठेवून पुन्हा मोजावं लागतं. लगेच मोजून ‘सुधारलं’ लिहिणारी लॅब इथे चुकते.

पेशी फुटण्याच्या फांदीत वेळ हाच सापळा आहे. जी6पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची तपासणी पेशी फुटत असतानाच केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण कमकुवत पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम भरपूर असतं. ती साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करावी. रक्त चढवल्यावर केलेल्या एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीत) दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. शक्य असेल तर चढवण्याआधी एक नळी बाजूला काढून ठेवायला सांगा, नाहीतर तीन महिने थांबा.

मॅरो काम करत नसेल तेव्हा सुईने ओढलेला पातळ नमुना पुरत नाही. हाडाचा बारीक तुकडा, म्हणजे ट्रेफाइन बायोप्सी, निदान दीड सेंटीमीटर लांब हवी. मॅरो किती भरलेला आहे हे त्यातूनच कळतं. तीव्र ॲप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो पेशी बनवणंच सोडतो तो आजार) म्हणायला मॅरो 25 टक्क्यांहून कमी भरलेला असावा लागतो, शिवाय न्यूट्रोफिल 500 च्या खाली, प्लेटलेट 20 हजारांच्या खाली आणि रेटिक्युलोसाइट फारच कमी, या तिनांपैकी दोन गोष्टी. सोबत पीएनएच या लाल पेशी फुटण्याच्या आजारासाठी फ्लो सायटोमेट्री, आणि रुग्ण लहान किंवा तरुण असेल तर फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजारासाठी क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट. ही दुसरी चुकवू नये. फॅन्कोनीच्या रुग्णाला ट्रान्सप्लांटच्या आधीची केमोथेरपी नेहमीच्या मात्रेत दिली तर ती झेपत नाही.

रक्त गोठण्याच्या फांदीबद्दल थोडक्यात: प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन या, रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या, घटकांची तपासणी रक्ताची ताजी गाठ असताना किंवा औषध चालू असताना करून पैसे घालवू नयेत. वॉरफरिन सी आणि एस खाली आणतं, हेपरिन अँटीथ्रॉम्बिन. अशा रिपोर्टवरून कितीजणांना जन्मभराचं लेबल लागतं.

निळ्या नळीबद्दल एक सूचना सगळ्यांनाच. तिच्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त हे प्रमाण असतं. रेघेपर्यंत रक्त भरलं नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटा लांबतो. नळी अर्धी दिसली तर तिथेच बोलावं, संकोच करू नये.

कुठे जायचं

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. 1957 साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली, आणि वर सांगितलेल्या बऱ्याच अवघड तपासण्यांचा अनुभव तिथे आहे. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि कोणत्या तपासणीचा नमुना कोणत्या वारी घेतात ते आधी फोनवर विचारावं. तिचंच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र चंद्रपूरला आहे, डिसेंबर 2022 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. विदर्भातल्या सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या कुटुंबांना मुंबई गाठण्याआधी ते जवळचं. मुलांच्या थॅलेसेमियासाठी आणि ट्रान्सप्लांटसाठी बोरिवलीत मुंबई महापालिकेचं केंद्र आहे. रक्ताच्या कॅन्सरची शंका असेल तर टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र ॲक्ट्रेक. राज्याबाहेर वेल्लोरचं सीएमसी, चंदीगडचं पीजीआय आणि दिल्लीचं एम्स इथे दुर्मीळ आजारांचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात.

हिमोफिलिया आणि तत्सम आजारांत सर्वांत कामाची वाट म्हणजे हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडियाचं जवळचं चॅप्टर. कोणत्या सिव्हिलमध्ये फॅक्टर मिळतो, कुठे सध्या साठा संपलाय, कुठला दंतवैद्य या रुग्णांचे दात काढतो, हे त्यांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतं. एखाद्या डॉक्टरांची जाहिरात शंभरदा वाचून ही माहिती मिळणार नाही.

परळचा विषय निघालाच आहे तर: बॉम्बे ब्लड ग्रुप 1952 मध्ये इथेच ओळखला गेला. तो आजार नव्हे, पण नुसती वरवरची तपासणी केली तर तो ‘ओ’ म्हणून लिहिला जातो, आणि ‘ओ’ रक्त या माणसांना चालत नाही. रक्तगटाची उलटी तपासणी, म्हणजे प्लाझ्माची, केली तर तो सापडतो. क्रॉसमॅच प्रत्येक ‘ओ’ पिशवीशी जुळेना झालं की ब्लड बँकेला हा प्रश्न विचारा.

पहिल्या भेटीची तयारी

मोठ्या ओपीडीत मिळणारी मिनिटं थोडी असतात. ती फाइल चाळण्यात जाऊ नयेत म्हणून सगळ्यात वर एकच कागद ठेवावा. त्यावर सीबीसीचे आकडे तारखेच्या क्रमाने उभ्या रांगांत: हिमोग्लोबिन, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार), पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट, रेटिक्युलोसाइट. खाली रक्त किंवा प्लेटलेट चढवल्याच्या तारखा, आणि चालू असलेली सर्व औषधं. काढे, भस्मं, शक्तीच्या पुड्या हेही लिहावं, लपवू नये. तीन पिढ्यांचा वंशवेल काढावा आणि आई-वडिलांचं लग्न नात्यातलं असेल, मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा, तर तसं स्पष्ट नोंदवावं. लहानपणीच गेलेली भावंडंही त्यात हवीत.

बोन मॅरो आधीच झालेला असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. काचा आणि मेणातला ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. अनुभवी डोळ्यांनी तीच काच पुन्हा वाचली की पुष्कळदा दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. कागदपत्रांची अडवणूक होत असेल तर हे लक्षात ठेवा: रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, असा नियम 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते विचारावेत. या आजाराचे किती रुग्ण सध्या तुमच्याकडे आहेत? निदान कशावरून ठरलं आणि अजून काय शिल्लक आहे? रात्री दोन वाजता रक्त थांबेना तर कुणाला फोन करायचा आणि कुठे दाखल व्हायचं? ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर इथल्या ब्लड बँकेत इरॅडिएटेड (किरणांची प्रक्रिया केलेलं) रक्त मिळतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन-तीन’ आलं तरी बिघडत नाही. इतक्या दुर्मीळ आजारात तेही पुष्कळ असू शकतात, आणि जे डॉक्टर ‘मी वेल्लोरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो’ म्हणतात ते सहसा चांगले डॉक्टर असतात. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्यांकडे दीर्घ आजार घेऊन जाऊ नये, एवढंच आमचं मत.

ॲप्लास्टिक ॲनिमियात एक गोष्ट घरच्यांनी पहिल्याच दिवशी ऐकलेली बरी. सख्खा भाऊ किंवा बहीण मॅरोला जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक असते. म्हणून रक्त लागलं की भावानेच पुढे होऊन देऊ नये. नातेवाइकाचं रक्त चढलं तर शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि पुढे त्याचाच मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. रक्त परक्या दात्याचं, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि इरॅडिएटेड घ्यावं.

खर्च आणि दोन डॉक्टरांची जोडी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार पॅकेजच्या यादीत आहे का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण 2021 मध्ये आलं. त्यातल्या यादीतल्या आजारांना 50 लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती ठरावीक केंद्रांमार्फतच, आणि मुंबईत असं केंद्र केईएम आहे. यादीत फॅन्कोनी ॲनिमिया आहे, हिमोफिलिया नाही. हिमोफिलियाचे फॅक्टर सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. थॅलेसेमियाच्या मुलाला जुळणारं भावंड असेल तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ट्रान्सप्लांटसाठी 10 लाखांपर्यंत मदत होते. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे 2016 च्या कायद्याप्रमाणे अपंगत्वात मोडतात, त्याचं प्रमाणपत्र सिव्हिलमधून काढून ठेवावं.

तज्ज्ञ दोनशे किलोमीटर दूर असले तर प्रत्येक सीबीसीसाठी तिकडे जाणं शहाणपणाचं नाही. गावातले फिजिशियन रक्त तपासतील, ताप-सर्दी बघतील. मात्रा बदलायची, रक्त चढवायचं की थांबायचं, हे तज्ज्ञ सांगतील. 2020 पासून व्हिडिओवरून सल्ला द्यायला रीतसर मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यामुळे मधल्या भेटी तशाही होतात. तज्ज्ञांकडून आजाराचं नाव, रक्तगट, चालू औषधं, टाळायची औषधं आणि आणीबाणीत काय द्यायचं हे लिहिलेलं एक पत्र लेटरहेडवर घ्यावं आणि त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. हिमोफिलियात त्या पत्रावर वजनाप्रमाणे फॅक्टरची मात्रा हवीच, आणि स्नायूत इंजेक्शन देऊ नये हेही.

इतकं करूनही काही रुग्णांच्या आजाराला नाव मिळत नाही. तेव्हा जीनची तपासणी सुचवली जाते. तिच्या रिपोर्टात एखादा बदल ‘अर्थ अनिश्चित’ या गटात आला तर त्याला निदान समजू नये आणि त्यावरून घरातल्या मुलींची लग्नं किंवा पुढची बाळंतपणं ठरवू नयेत. आई-वडिलांचं रक्त तपासून तो बदल कुणाकडून आला ते बघितलं की अर्थ काहीसा उलगडतो. तोही नाही उलगडला तर वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचून मागता येतो. नवा नमुना बहुधा लागत नाही, म्हणून रिपोर्टसोबत मूळ डेटाची फाइलही लॅबकडून घेऊन ठेवावी.